दॅन नव्हे, टू

गुरुवार. ग्रिम्सबीच्या वाचनालयाचा वरचा मजला.
हीटर नुसता खोकतो, तापत नाही.
फळ्यावर मी एकच शब्द लिहिलाय : प्रेफर.
खाली चहा आणि कॉफी, दोन कप काढलेत,
दोन्हींतून वाफ सारखीच.
चित्रात कुणाला कमीजास्त करावं लागत नाही.

लाइक म्हणजे आवडणं, मी सांगते,
त्याला एक वस्तू पुरते.
प्रेफरला दोन लागतात.
एक पुढे करायची, एक मागे राहते,
आणि मागे राहते तिच्याआधी टू येतो.
दॅन नाही. दॅन सगळेच लिहितात.

का, रेझगार विचारतो.
का ते मला कुठं ठाऊक!
बेचाळीस वर्षं मी गोदीवरच्या कचेरीत
हॅडक नि कॉडच्या पावत्या फाडल्या,
व्याकरण भेटलं ते निवृत्तीनंतर.
कोशात एवढंच सापडलं
की शब्द मुळात लॅटिन,
अर्थ : उचलून पुढे नेणं.
उचललं नाही त्याचं पुढं काय झालं
ते कोशात नाही.

चला, प्रत्येकी एक वाक्य.

यारिना : बसपेक्षा मी चालणं पसंत करते.
नदीफा : लंडनपेक्षा ग्रिम्सबी.
का गं?
इथला बसवाला थांबतो.

त्सेगाय पेन्सिल चावत बसतो.
खाली मुलांचा गोष्टींचा तास संपतो,
जिन्यावर बुटांचा गलका होतो, विरतो.
मग तो वही माझ्याकडे सरकवतो.

बोटीत एक जागा होती.
आईने माझ्या भावापेक्षा मला पसंत केले.

टू जागच्या जागी.
भूतकाळ बरोबर. भूतकाळातले दोन आरसुद्धा,
जे माझ्या स्वतःच्या मुलीला कधी जमले नाहीत.
लाल पेन हातात तसंच.
करेक्ट? तो विचारतो.
करेक्ट.
मी दॅन लिहिणार होतो, तो म्हणतो,
आणि वही मिटतो.

नॉर्मनला काहीही विचारा,
माझं काही नाही.
मटार की गाजर? माझं काही नाही.
व्हिटबी की स्कार्बरो? काही नाही.
मुलीचं नाव? तू म्हणशील ते.
या माणसाला आवडनिवडच नाही,
मी बहिणीला फोनवर सांगायचे,
तो शेजारच्या खुर्चीत असतानाच.

शेवटच्या मार्चमध्ये नर्स फॉर्म घेऊन आली.
छापलेलं होतं : मृत्यूसाठी पसंतीचं ठिकाण.
प्रेफर्ड. दोन आर.
रुग्णालय, शुश्रूषागृह, घर, इतर.
मी म्हटलं, घरावर खूण कर की.
त्यानं चष्मा मागितला.
'इतर'च्या पुढे, गोदीवर पेटीवर नाव घालतात
तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं :

स्वयंपाकघर. रेडिओ बंद.

रेडिओ!
लग्नापासून रोज सकाळी सहाला मी लावत होते तो,
हवामान, बातम्या, मग गाणी,
त्याच्या डोक्यावरच्या फळीवरून,
त्याच्या टोस्टवरून, त्याच्या पेपरावरून.
नर्सनं वाचलं, मान हलवली,
फाइलला लावलं.
सतरा दिवस स्वयंपाकघरात
फक्त फ्रिज बोलत होता.

यातलं मी वर्गाला काहीच सांगत नाही.

चहाची पाळी आज त्सेगायची.
किटली उकळून बंद पडते,
तो दोन डबे दोन हातांत घेऊन
माझ्यापुढे उभा राहतो.
टी ऑर कॉफी, मिसेस ग्रेंजर?

माझं काही नाही रे, मी म्हणते,
आणि आवाज कुणाचा निघाला ते ऐकून
खुर्चीची पाठ धरते.

तो हलत नाही. डबे तसेच वर.
हे वाक्य नाही, तो म्हणतो.
यात टू कुठाय?