शुक्रवारसाठी

पहाटे चार. बर्मिंगहॅमचा घाऊक बाजार.
बादल्यांत हॉलंडची फुलं उभी, थंडीने ताठ.
ग्लेनिसने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं:
गुलाबाच्या तोंडाकडे बघू नकोस, मान दाब.
पाकळ्या जिथे हिरव्यात शिरतात
तिथे टणक लागला तर घे.
मऊ लागला तर तो कालच गेलाय,
त्याला अजून कळलेलं नाही, इतकंच.

मी फूल नाकाशी नेत नाही हे तिने हेरलं.
म्हटलं, हुंगलेलं देवाला चालत नाही.
ती हसली. हुंग की खुशाल,
यांना वासच नसतो.

आज यादीत एक लग्न, दोन वाढदिवस
आणि लडलोचे मिस्टर प्यू.
काल दुकानात आले, ओली टोपी हातात.
एनिडसाठी. शुक्रवारी.
लिली? नको. गुलाब? नको.
मग काय आवडायचं त्यांना?
काउंटरवरची स्पंजाची हिरवी वीट
अंगठ्याने दाबत राहिले बराच वेळ.
मग म्हणाले,
तिला कापलेली फुलं बघवत नसत.

ती वीट विकता येणार नाही आता,
अंगठ्याएवढा खड्डा आहे तिच्यात.

तर मी उभी आहे शेवंतीसमोर,
जिची वेणी माळल्याशिवाय माझी आत्या
एका लग्नाला गेली नाही,
आणि जिची मुंडकी छाटून आम्ही इथे
मयताच्या ‘मम’ अक्षरांत ठासतो.
पुढे सरकले.
निलगिरीच्या दहा काड्या उचलल्या. परत ठेवल्या.
रस्कस तर तेल चोपडल्यासारखं चकचकीत.
टेरी ओरडला, बाई, नुसतं चाचपायचं भाडं पडेल हां!

लग्नाचं सामान भरलं. त्यांच्यासाठी काहीच नाही.

उजाडताना त्यांचं फाटक वाजवलं.
ड्रेसिंग गाऊनवर रबरी बूट घालून आले,
कात्री मी त्यांच्याच हातात दिली.
आयव्ही भिंतीवरून ओरबाडूनच काढली त्यांनी,
जुनं भांडण असल्यासारखी.
रोझमेरी. बडीशेपेचे वाळके तुरे,
तिने बी धरायला ठेवलेले.
हॉलीला हात घातला, बोट सोललं, शिवी दिली,
कुंपणापलीकडे बघून घेतलं.
कॅमेलियाशी मात्र थबकले.
फांदी चांगली होती, मी म्हटलं असतं घ्या.
कळी आहे हिला, म्हणाले,
आणि कात्री मिटली.

मी तारेचं रीळ काढलं होतं.
ते खिशात ढकललं
आणि विचारलं,
घरात सुतळी असेल का थोडी?