छातीचा फोटो

भिंतीवर नाडकर सरांच्या अक्षरातला तक्ता:
छाती, मध्यम बांधा, सत्तर केव्ही.
खाली पेन्सिलीने: बारीक असेल तर पाच उतरवा.

हणमव्वा धोत्रे. वय अंदाजे पन्नास.
तुर्भ्याच्या खाणीवर सव्वीस वर्षं खडी.
मी आठ उतरवले.

केव्ही चढला की सगळं राखाडी,
हाड आणि हवा एकाच भावात.
एमएएस मात्र कमी करवेना.
तो तुटपुंजा पडला की चित्रावर रवा सांडतो,
आणि हिच्या छातीत मुळातच बारीक ठिपके असणार.
कुठला रवा मशीनचा, कुठला खाणीचा,
वाशीत बसलेले डॉक्टर कसं सांगतील?

श्वास घ्या. धरून ठेवा.
धरवत नाही तिला.
हललेली छाती म्हणजे ओल्या हाताने पुसलेली पाटी.
मग वेळ अर्धा केला, करंट दुप्पट;
बेरीज तीच, फक्त तिच्या दमात बसणारी.

काचेतून बघत राहिलो.
एक खोकला संपला, दुसरा यायचा होता,
मधे जरा मोकळी जागा होती.
तेवढ्यात बटण.

"झालं? कळलंच न्हाई की."

स्क्रीनवर आधी बरगड्या आल्या, स्वच्छ.
रवा नव्हता.
ठिपके होते.