पोत्याखालचा फळा

लेंगऱ्याच्या चौकात चार बाय तीनचा फळा आहे,
माझ्या शिलाईच्या दुकानाला पाठ टेकून.
साडेसातला विट्याची एसटी पेपरचा गठ्ठा टाकते
आणि मी देश बेतायला बसतो.
कापड मोठं, माप एवढंसं.

सगळ्यात वर सोन्याचा भाव.
निम्मं गाव गलाईला गेलेलं,
कोइमतूर, कटक, बरेली, कुठंकुठं,
भट्टीपुढं बसून दुसऱ्याचं सोनं वितळवतंय.
मधे देश.
तळाची एक ओळ गावाला:
कुणाचं बारसं, कुणाचं हरवलेलं शेरडू, कुणाचं सावडणं.

फेब्रुवारीत बजेट आलं.
'काय स्वस्त, काय महाग' असं लिहायला घेतलं,
जागा पुरेना,
नुसतं 'महाग' ठेवलं.
कुणी तक्रार केली नाही.

मार्चात आचारसंहिता लागली.
फळ्याच्या चौकटीवर रंगवलंय, सौजन्य, माजी सभापती,
म्हणून ग्रामसेवक युरियाची दोन पोती घेऊन आला
आणि सुतळीनं फळाच गुंडाळला.
म्हटलं, नाव तेवढं झाका की.
म्हणाला, वरनं आदेश आहे, उगं वाद नको.
वर्षातली सगळ्यात मोठी बातमी
अशी पोत्याखाली गेली.
झेंडे मात्र दोन्हीकडचे माझ्याच मशीनवर आले.
रंग वेगळे. दोरा एकच, पांढरा.

एप्रिलात एका रात्री तारूबाई सुतार वारली.
सावडणं कधी, हे लोकांना कळायला नको?
पोतं खालून वर सारलं,
मोबाईल दातात धरला
आणि अंधारात, दाबून दाबून, तळाची ओळ लिहिली.
सकाळी बघतो तर माणसं येतायत,
पोत्याचा कोपरा उचलतायत,
वाकून वाचतायत,
हळूच सोडून देतायत
देवाच्या पुढचा पडदा सोडावा तसा.
ग्रामसेवकही वाकला. काही बोलला नाही.
सुतळी जरा सैल करून गेला.

मतदानाला बरेलीहून भानुदास आला,
दोन रात्री रेल्वेत, एक रात्र आईजवळ.
पंधरा दिवसांनी फोनवर हसत होता:
शाई गेली रं, तेजाबानं.
इथं आमच्या बोटांवर ती पावसाळ्यापर्यंत होती.

निकालाच्या दिवशी पोती उतरली.
आकडे सात वेळा पुसले, सात वेळा लिहिले.
संध्याकाळी याही बाजूनं गुलाल, त्याही बाजूनं गुलाल,
शेवटचा आकडा कुणालाच वाचता आला नाही.

मग क्रिकेटची फायनल हरलो.
मी फक्त धावा लिहिल्या होत्या,
रात्री कुणीतरी फळ्याला दगड मारला.
तो खळगा अजून आहे.
आता सरकार पडो नाहीतर पूल,
खडू तिथं अडखळतोच.

डिसेंबरात मदने वस्तीवरच्या पोरीला
राष्ट्रीय खो-खोत सुवर्ण.
त्या दिवशी भाव खाली घेतला, तिला वर घातलं.
दुपारी ती स्वतःच आली, गुडघ्याला पट्टी,
खडू मागितला,
माझ्या 'प्रतिक्षा'ची पहिली वेलांटी बोटानं पुसली,
दुसरी काढली, चांगली लांब,
आणि म्हणाली, 'काका, दिल्लीच्या सर्टिफिकेटवर पण हीच चूक आहे.
तिथं खडू चालत नाही.'

आज एकतीस तारीख.
ओल्या फडक्यानं सगळं पुसलं.
देश लगेच गेला.
तारूबाईची ओळ अजून पुसट दिसते, दाबून लिहिली होती ना.

रात्री भानुदासचा फोन.
भाव त्याला माझ्याआधी कळतो,
दिल्लीत काय झालं तेही.
तरी विचारतो, फळ्यावर काय हाय?
वाचून दाखवतो.
भट्टीचा भाता मागं फुसफुसत असतो.
'आणि खाली?'
त्याची आई ब्याऐंशीची, एकटी.
'खाली काही नाही,' मी म्हणतो.
'बरं,' म्हणतो तो. थोडं थांबतो.
'बरं झालं.'