सगोत्र

कर्वे पुतळ्यामागच्या सोसायटीत, मीटरच्या खोक्यात
सातेरी माश्यांचं घर. सेक्रेटरी आगटे म्हणतात,
"औषधवाला साडेसातला येतोय,
तुमचं जे काय ते त्याआधी उरका."

उरकते.
तीस माश्या, तीस कुप्या, स्पिरिट.
प्रत्येकीचा एकच पाय पुरतो, मागचा,
त्याला अजून कुणाच्या तरी गॅलरीतली तुळस चिकटलेली.
बाकीचं घर हिरू ठाकर कापून घेतो,
पोळी केळीच्या सोपटाने चौकटीला बांधतो,
हातमोजे न घालता.

लॅबमध्ये जेलवर पट्टे उमटतात.
औंध, कात्रज, एरंडवणं:
सहा वर्षांत सगळे एकमेकांसारखे व्हायला लागलेत,
एकाच ताग्यातून फाडलेल्या ब्लाउजपिसांसारखे.

नराला बाप नसतो. आजोबा असतो, आईचा बाप.
हे ऐकून पहिल्या वर्षाची मुलं हसतात.
मग मी चौकट उजेडात धरते.
झाकलेल्या घरांमध्ये रिकामी घरं,
पडलेल्या दातांसारखी.
राणीला भावकीतलाच नर भेटला
तर दोन्हीकडून तेच अक्षर येऊ शकतं;
कामकरी व्हायची ती अळी नर होते, बिनकामाचा.
दायांना ते वासावरून कळतं.
पहिल्याच दिवशी त्या अळी खाऊन टाकतात,
जागा पुसूनबिसून स्वच्छ.

मुलं आता हसत नाहीत.

इंदूआत्याने विवाह मंडळाच्या वह्या
चाळीस वर्षं राखल्या. सगोत्र दिसलं की लाल फुली.
परजात दिसली की दोन.
मी तिच्याशी भांडायचे.
आता माझ्याही वहीत लाल फुल्या आहेत, आत्या,
पण फक्त तुझी पहिली.
दुसरीच्या जागी मी लिहिते: परका हवा,
लांबचा हवा, उडून येईल एवढाच लांबचा.

हिरू विचारतो, "तुमच्या शहरात नर नाहीत का, बाई?"
आहेत रे. सगळे एकाच घरचे.
तो मान हलवतो. पुढच्या खेपेला
मुळशीच्या रानाकडची एक पेटी आणतो, पिकअपमध्ये
तांदळाच्या पोत्यांवर, ओल्या गोणपाटात.
ती आम्ही गच्चीवर ठेवतो, पाण्याच्या टाकीच्या सावलीत,
सातेऱ्यांच्या पेटीपासून जरा दूर.

काल दुपारी सव्वातीनला नवी राणी बाहेर पडली.
बावीस मिनिटांनी आली. नक्की तीच,
पाठीवर मी लावलेला पांढरा ठिपका.
वर कोण भेटलं, ते तिच्या पोटात.

पंधरा दिवसांनी चौकट उचलायची,
शंभर घरं मोजायची.
पेन्सिल आत्ताच तासून ठेवली आहे.