परतीची नळी

एकोणनव्वद सालची पिकअप, दोघा भावांत एक.
पुढची टाकी टाउनोची, मागची वैक्कोची.
डॅशबोर्डवर बटण:
इकडे दाबलं की माझं पेट्रोल, तिकडे दाबलं की तुझं.
हिशेब इतका सरळ
की कागद करायची गरज हाउतालांच्या घरात
कुणालाच वाटली नाही.

इथे सुपीरियर सरोवराच्या काठी
नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायला लागतं
ते एप्रिलपर्यंत पडतच राहतं.
कितीतरी हिवाळे या गाडीनं ते खाल्लं.
खाल्ल्या मिठाला जागली म्हणावं,
तर मीठच तिला खात होतं.
आधी चाकांवरच्या कमानी गेल्या. मग पायरी.
मग ड्रायव्हरच्या पायाखाली भोक,
बिअरच्या खोक्याचा पुठ्ठा लावून झाकलेलं.
पुठ्ठा सरकला की खाली रस्ता पळताना दिसायचा.
त्यावरून कधी भांडण झालं नाही.

भांडण झालं ते टाकीवरून.
टाउनो सोमवारी भरायचा, बुधवारी काटा तळाला.
तो काही बोलला नाही. झाकणाला कुलूप लावलं.
तरी उतरली, तेव्हा म्हणाला,
"एका आईच्या पोटचा चोर."
तेही वैक्कोला नाही, वैक्कोच्या बायकोला,
चर्चच्या पार्किंगमध्ये, चारचौघांत.

वैक्कोची मात्र भरत होती, न भरता.
कागद गिरणीतली नोकरी नुकतीच सुटलेली.
त्याला वाटलं, थोरला रात्री येऊन कॅन ओतून जातो,
दारच्या भिकाऱ्याला वाढावं तसं.
त्यानं आपली चावी पाकिटात घालून
टाउनोच्या टपालपेटीत टाकली.
चिठ्ठीत एवढंच: उपकार नकोत.

मग अकरा वर्षं गाडी कोठारामागे, गवतात.
टाउनोही चालवेना, विकेना.

या मे महिन्यात नातीसाठी म्हणून
त्यानं ती माझ्या गॅरेजात ओढून आणवली.
मागचा हौदा उचलायचा तर आठ बोल्ट.
पेट्रोलच्या टाकीशेजारी गॅसकटर लावता येत नाही,
म्हणून तीन दिवस तेल पाजत बसले,
मग लांब पान्यावर अंगाचा भार टाकला.
पाच सुटले. तीन तुटले.
टाकीतून जुन्या वार्निशसारखा वास आला.

इंजिनाला लागतं त्याहून पंप जास्त पाठवतो.
उरलेलं परतीच्या नळीनं घरी येतं.
कुठल्या घरी, ते एक झडप ठरवते.
झडपेतली रबरी चकती, करंगळीच्या नखाएवढी,
कडक होऊन उघडीच अडकली होती.
पुढच्या टाकीतून निघालेलं
मागच्या टाकीत परतत होतं.

मी दोघांना बोलावलं. एकमेकांबद्दल सांगितलं नाही.
वैक्कोनं चकती तळहातावर घेतली,
चष्मा कपाळावर चढवून बघितली.
टाउनोनं मला विचारलं, "किती गॅलन?"
मी म्हटलं, हिशेब लागायचा नाही.
मागची भरली की नळकांड्यातून बाहेर सांडायचं,
चढावर, वाळूत, बर्फावर.
बरंचसं कुणालाच मिळालं नाही.

"मला वास यायचा," वैक्को टाकीला म्हणाला.
"मलाही," टाउनो म्हणाला, टाकीलाच.

झडप मी नवी बसवली. फार महाग नव्हती.
मग सवयीनं चासीच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर टोचला
आणि तो मुठीपर्यंत आत गेला.
पोपडे पडले, खरवडलेल्या करपीसारखे.
सांगावं लागलं: सांगाडाच गेलाय, आता नातीला नको.

दोघं गाडीखाली शिरले, माना वर करून.
वैक्को म्हणाला, इथे पट्टी जोडता येईल.
टाउनो म्हणाला, कशाला जोडशील? जोडायला लोखंड कुठाय?
वैक्को म्हणाला, तुला वेल्डिंगमधलं काय कळतं.
टाउनो म्हणाला, तुला शिकवलं कुणी?

गॅरेज पाचला बंद होतं.
सव्वासहाला मी किल्ली बाकावर ठेवली,
जाताना दिवा मालवा म्हणाले.
कुणी ऐकलं नाही.