डावा कान गेला त्या वर्षी

डावा कान गेला त्या वर्षी बाबांचे बूटही गेले.
म्हणजे बूट होते, दाराशी, पॉलिश केलेले;
आई दर शनिवारी त्यांच्यावरची धूळ पुसायची.
बाबा मात्र हत्यारांची पेटी उचलून
अनवाणीच निघायचे,
ब्रनोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
लोकांच्या पियानोंचे सूर लावत.

मी अकरा वर्षांची.
दहा पावलं मागून चालायचे,
ट्रामच्या दुसऱ्या डब्यात बसायचे.
काचेतून दिसायचं :
बायका पिशव्या मांडीवर ओढून घेतायत,
एक म्हातारा बाबांच्या हातावर नाणं ठेवतोय.
बाबा नाणं परत करत नसत.
"त्याला वाईट वाटेल," म्हणायचे,
आणि उतरल्यावर मला आइस्क्रीम.
ते आइस्क्रीम मी खायचे.
हेही नोंदवून ठेवते.

आमच्याकडे कुणी बूट घालून घरात शिरत नाही.
दाराशी काढायचे; मग यजमानीण सपाता पुढे करते,
सगळ्यांसाठी ठेवलेल्या, कुणालाच न बसणाऱ्या.
बाबांचा गुन्हा एवढाच
की त्यांच्याकडे काढायला काही नव्हतं.
उंबऱ्याबाहेर बसून ते पेटीतलं ओलं फडकं काढायचे,
आधी टाच, मग बोटांच्या बेचक्या,
उसनं आणलेलं भांडं पुसावं तसे.
श्मोलकोवाबाई एकदा म्हणाल्या,
"माणसानं आपली पायरी ओळखून राहावं."
"बाई, तुमच्या सगळ्या ओळखतो मी," बाबा म्हणाले,
"चौथी हलते.
सातवी गार आहे, खालून नळ जातो."

मग आमच्या शाळेचा पियानो बिघडला.

मार्चमधली सकाळ, आम्ही रांगेत,
आणि फरशीवर तो आवाज,
जो आवाज नसतोच खरं तर,
नुसतं मऊ चपक, चपक.
मुख्याध्यापिका तीनच शब्द बोलल्या :
काच, जंतू, शिस्त.
बाबांनी मान डोलावली, खाली बसले, फडकं काढलं.
शेजारच्या येन्दुलानं कोपर मारून विचारलं,
"कोण गं हा भिकारी?"
मी म्हटलं, "माहीत नाही."

उजवा कान शाबूत होता त्यांचा.

ते उठले. माझ्याकडे पाहिलं,
जसं कुठल्याही मुलीकडे पाहतात तसं,
आणि विचारलं, "बाळ, हॉल कुठंय?
दाखवशील?"
मी पुढे चालू लागले.
मागून, बरोबर दहा पावलांवरून, ते.

हॉलमध्ये आम्ही दोघंच.
त्यांनी एकच पट्टी दाबून धरली,
तळवे लाकडावर पसरले, डोळे मिटले,
आणि सूर विरेपर्यंत तसेच उभे राहिले.
"तिसऱ्या फळीखाली पोकळ आहे," म्हणाले,
"तिथं खर्ज अडकतो. बूट काढ, ये, बघ."
मी नाडी आणखी घट्ट बांधली.
त्यावर ते काही बोलले नाहीत.
नऊ तारा बदलल्या, बिल लिहिलं,
खाली सही केली : वेंदेलीन होराक.
माझंही आडनाव तेच, सगळ्या शाळेला पाठ असलेलं.

आता मी त्रेचाळीसची, ते चौऱ्याहत्तरचे.
जानेवारीत लोकरीचे बूट घालतात हल्ली.
"हट्ट लोकांपुढे करायचा," म्हणतात, "थंडीपुढे कशाला?"
मी बँकेत काम करते. काळे बूट, बोटभर टाच.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे जाताना
दोन थांबे आधीच उतरले, का ते विचारू नका.
बूट हातात घेतले.
पहिली शंभर पावलं नुसती लाज,
मग खडी, खडीच खडी,
मग पुलाजवळचे दगडी चौकोन,
दिवसभराचं ऊन अजून धरून ठेवलेले,
आणि त्यांच्याखालून,
अजून दिसतही नव्हती तेव्हा,
येणारी ट्राम.
मी थांबले. पोटरीपर्यंत आली ती.
समोरून एक बाई मुलाचा हात धरून
पलीकडच्या फुटपाथवर गेली.

दार बाबांनी उघडलं.
आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली.
आत गेले. परत आले.
फडकं गार होतं.
"टाचेपासून," ते म्हणाले.