उपासना सुटल्यावर

हडर्सफील्डची चढण चढून शांतवनमामा
थेट माझ्याकडे येतात. ओला कोट दाराशी.
मंडळी सोडून मला नऊ वर्षं झाली.
वाद तोच : नरक सर्वकाळचा की नाही.

"लिहिलंय तसं आहे, सुवार्ता."
"मग तो बाप कसला, मामा?"
ते चहा बशीत ओततात, फुंकर घालत नाहीत,
नुसते थांबतात.

ग्रॅहम कधी देवळाची पायरी चढला नाही.
आज म्हणाले, "त्याचं नाव
मी अजून प्रार्थनेत घेतो.
मेलेल्यांसाठी मागू नये, हे तुला
मीच शिकवलं होतं, संडे स्कूलमध्ये.
मत बदललेलं नाही माझं."

मग हातमोजा शोधत राहिले.
तो त्यांच्या हातातच होता.
मी लगेच सांगितलं नाही.